काझाचा पेट्रोल पंप आणि तिथल्या एका लिटरची खरी किंमत

हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आलेल्या कुणाचाही फोन उघडा, तिथल्या काझा गावाच्या पेट्रोल पंपाचा फोटो त्यात असणारच. 'जगातलं सगळ्यात उंच रिटेल आऊटलेट, उंची ३७४० मीटर' असा तो बोर्ड आणि त्याच्यासमोर काखेत हेल्मेट धरून उभी असलेली माणसं. आमच्याकडेही आहे तो फोटो. पण मला आज लिहायचंय ते तिथल्या पेट्रोलबद्दल, कारण तिकडं जायचं ठरवलेले लोक भेटले की पहिला प्रश्न हाच असतो, 'तिकडं पेट्रोल किती महाग पडतं?' आणि मी सांगतो की पंपावर महाग नाहीये, आपल्याकडच्यापेक्षा कमीच आहे, तर लोकांना ते पटतच नाही. मग पुढचं सांगायला लागतो की पंपावर स्वस्त आहे पण पडतं मात्र महाग, आणि ते कसं ते नीट सांगायला अर्धा तास जातो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी आमचं सांगतो म्हणजे पुढचे आकडे कळतील. २०२२ च्या सप्टेंबरात आम्ही तिघं गेलो होतो, मी आणि बायको हिमालयन बाईकवर, १५ लिटरची टाकी, आणि माझा मेहुणा त्याच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या बुलेटवर, साडेतेरा लिटरची टाकी. जाताना सिमला, रामपूर, किन्नौर करत वर चढलो आणि येताना कुंझूमची खिंड ओलांडून मनालीकडं उतरलो. बहुतेक लोक हाच गोल करतात, आणि तो बरोबरच आहे कारण किन्नौरकडून उंची हळूहळू वाढते, त्रास कमी होतो.

आता पेट्रोलच्या दृष्टीनं हा रस्ता बघा. रेकाँग पिओच्या खाली हायवेवर पोवारी आहे, तिथं आम्ही टाकी फुल केली आणि त्यानंतर थेट काझा, साधारण २०० किलोमीटर, मधे आम्हाला एकही पंप लागला नाही. काझाहून पुढं कुंझूम, बातल, छत्रू करत मनाली, तेही साधारण २००, त्यातही पंप नाही. म्हणजे ४०० किलोमीटरच्या रस्त्यावर बरोब्बर मध्यावर हा एक पंप. तो बंद असला, किंवा उघडा असून टाकीत माल नसला, तर तुम्ही कितीही पैसे घेऊन उभे राहा, काही उपयोग नाही.

आणि ते २०० किलोमीटर फक्त नकाशावर २०० असतात. कुणी सरळ जात नाही. ग्यू गावातली ममी बघायला हायवे सोडून आत जायचं, ढंखरला वर चढायचं, ताबोत मुक्काम, वाटेत नाकोच्या तळ्यापाशी थांबायचं. आमचे पोवारी ते काझा मीटरवर २५० च्या वर झाले. वरून ॲव्हरेज पडतं. माझी हिमालयन मैदानात आरामात ३० देते, तिनं तिकडं २४ दिलं आणि कुंझूमच्या बाजूला तर २२ च. कारण साधं आहे. काझाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोनतृतीयांशच राहतो, इंजिनाला श्वासच पुरत नाही, ताकद कमी होते आणि तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गियरमधून वर येतच नाही. फ्युएल इंजेक्शनवाली गाडी निदान हवा बघून पेट्रोल कमी सोडते, पण कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो आपला खालच्या हिशोबानं पेट्रोल सोडत राहतो आणि गाडी काळा धूर टाकत चढते. मेहुण्याचा स्पार्क प्लग ताबोत काढून बघितला तर अक्षरशः काजळीनं माखलेला, बोटाला लावला तर काजळासारखा उमटत होता. ती काजळी म्हणजे न जळलेलं पेट्रोलच होतं, आम्ही विकत घेतलेलं.

काझात पोचलो ते दुपारी चारच्या सुमारास. पंपावर सातआठ गाड्या होत्या, एक एचआरटीसीची म्हणजे हिमाचलची सरकारी बस, दोन पिकअप ज्यांच्यात मटारची पोती भरली होती, बाकी आमच्यासारखे बाहेरचे. सप्टेंबर म्हणजे स्पितीत मटार खाली मंडीला पाठवायचा काळ, तेच तिथलं नगदी पीक, त्यामुळे पिकअपवाले घाईत असतात. रांग शांत होती, कुणी घुसत नव्हतं. आमचा नंबर आला तर भरणाऱ्या पोरानं आधी फडक्यानं नोझल पुसला, माझ्या टाकीच्या झाकणाभोवतीची धूळ पुसली, मग मशीनकडं बोट करून म्हणाला, "सर, झीरो देख लो." मी न विचारता. अहो आपल्याकडे शंभर वेळा सांगायला लागतं, आणि इथं हा थंडीनं फुटलेल्या हातांनी प्रत्येक गाडीला तेच करत होता. टाकी भरत आली तेव्हा त्यानं स्वतःच दोन बोटं जागा ठेवून थांबवलं. म्हणाला, आत्ता थंड आहे, उद्या उन्हात उभी केली की पेट्रोल फुगतं आणि झाकणातून बाहेर येतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण पंपावरच्या माणसानं विक्री कमी करून सांगावं ह्याचं मला फार बरं वाटलं.

पैसे रोख ठेवा. नेटवर्क आलं तर युपीआय चालतं, गेलं तर मागं रांग आणि पुढं फिरणारं चक्र. गावात एटीएम आहे पण त्याच्या भरवशावर राहू नका, निघतानाच नोटा घेऊन निघा.

आता भावाचं. बोर्डवरचा आकडा बघून मेहुणा म्हणाला, "दाजी, हे तर आपल्यापेक्षा स्वस्त आहे!" आणि होतंच. आपल्याकडे त्या दिवसांत पेट्रोल शंभरीच्या पुढं पाचसहा रुपये गेलं होतं. कारण असं की पंपावरच्या भावात कंपनीचा मूळ दर, डेपोपासून पंपापर्यंतचं भाडं, केंद्राची एक्साईज, डीलरचं कमिशन आणि राज्याचा व्हॅट असतो. एक्साईज तर देशभर सारखीच, मे २०२२ नंतर ती पेट्रोलवर लिटरला १९ रुपये ९० पैसे होती, काझाला तेवढीच आणि आपल्याला तेवढीच. भाड्यात काझाला जास्त लागणारच, पण एका टँकरमध्ये हजारो लिटर येतात, ते भाडं लिटरवर वाटलं की काही रुपयांचाच फरक उरतो. खरा फरक पडतो व्हॅटमध्ये, आणि महाराष्ट्राचा व्हॅट देशातल्या जबर व्हॅटपैकी एक आहे, हिमाचलचा त्यामानानं हलका. म्हणून डोंगरापलीकडे, जिथं रेल्वे नाही, पाईपलाईन नाही, सगळं टँकरनं घाटातून येतं, तिथलं पेट्रोल बोर्डवर आपल्यापेक्षा स्वस्त दिसतं. मला हे आवडलं, खरं सांगतो. तिथल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी, टॅक्सीवाल्याला गाडीसाठी शहरातल्यापेक्षा दुप्पट भाव द्यावा लागत नाही ही चांगलीच गोष्ट आहे. सगळीकडे असं नसतं. अलास्कात नोम म्हणून गाव आहे, तिथं २०१२ च्या जानेवारीत इंधन पोचवायला रशियन टँकर आणावा लागला होता आणि त्याच्यापुढं अमेरिकन कोस्टगार्डचं बर्फ फोडणारं जहाज चाललं होतं, १३ लाख गॅलन माल. हिवाळ्यापूर्वीची खेप वादळात राहून गेली म्हणून एवढा खटाटोप. अशा ठिकाणी लिटर काय भावानं पडत असेल ह्याचा विचार करा.

पण बोर्डवरचा भाव म्हणजे अर्धीच गोष्ट, हे मला काझातल्याच एका टॅक्सीवाल्या भाऊंनी समजावलं. गावातल्याच माणसाची गाडी असावी म्हणून आम्ही एक दिवस पिन व्हॅलीला त्यांच्या गाडीनं गेलो, मुद गावापर्यंत, आणि जाता येता बोलणं झालं. ते म्हणाले, पंपावरचा भाव मी बघतच नाही, मी बघतो टँकर कुठं आहे. मलिंगला दरड आली की टँकर पलीकडं अडकतो. नाकोच्या पुढचा तो पट्टा कायमचाच भुसभुशीत, तिथं डोंगर सुटत राहतो. टँकर अडकला की पंप हात आखडता घेतो, आणि मग आठवडाभराच्या सवाऱ्या घ्यायच्या की नाही हे त्या टँकरवर ठरतं. बुकिंग सोडावं लागलं तर ते पैसे पेट्रोलच्या खर्चातच धरायला पाहिजेत ना, असं त्यांचं म्हणणं.

आणि हिवाळ्याचं तर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझी बायको नुसती गप्प बसून ऐकत होती. ऑक्टोबरनंतर कुंझूम बंद होतो तो जूनच्या आसपास उघडतो, म्हणजे मनालीची वाट वर्षातले सातआठ महिने नाहीच, सगळा भार किन्नौरच्या रस्त्यावर, आणि तोही बर्फानं मधूनमधून बंद. थंडी उणे २५-३० पर्यंत जाते. साध्या डिझेलमध्ये मेण असतं, ते तेवढ्या थंडीत गोठायला लागतं, पातळ तुपाचं कसं होतं तसं आधी ढगाळ, मग घट्ट, आणि फिल्टर तुंबतो. मग सकाळी गाडीखाली पत्र्याच्या घमेल्यात निखारे ठेवून टाकी आणि ऑईल चेंबर शेकायचं. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचं. रात्री बॅटरी काढून घरात, तंदूरजवळ. तंदूर म्हणजे आपला रोटीचा नव्हे, तिकडं खोली गरम करायच्या लोखंडी शेगडीला तंदूर म्हणतात, धुराडं छतातून बाहेर काढलेलं. भाऊंचा हिशोब असा होता की गाडी सुरू करायला जी लाकडं जळतात तीसुद्धा विकतची, स्पितीत झाडं कुठं आहेत, लाकूड सगळं बाहेरून ट्रकनं येतं आणि तो ट्रक परत डिझेलवरच चालतो.

२०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑईलनं थंडीसाठीचं वेगळं डिझेल काढलं, पानिपतच्या रिफायनरीत तयार होणारं, जे उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहतं. लडाखसाठी म्हणून ते गाजलं पण काझा आणि केलाँगच्या ड्रायव्हरांचीही तीच अडचण होती, आणि ती त्या वेळच्या बातम्यांमध्येही आली होती. मला विचाराल तर उंचीच्या बोर्डापेक्षा ह्या गोष्टीचा फोटो काढायला पाहिजे, पण उणे ३३ ला न गोठणाऱ्या डिझेलचा फोटो कसा काढणार.

तर आता आमच्यावर काय वेळ आली ते.

काझात आम्ही चार दिवस होतो. की गाव, किब्बर, चिचमचा पूल, दुसऱ्या दिवशी लांगझा, हिक्कीम, कोमिक. हिक्कीमच्या पोस्टातून आईला कार्ड टाकलं. अंतरं कागदावर किरकोळ दिसतात, लांगझा-हिक्कीम-कोमिकचा गोल तर जेमतेम ५०-६० किलोमीटरचा, पण काझापासून कोमिकपर्यंत तुम्ही जवळजवळ एक किलोमीटर उभे चढता, कोमिक ४५०० मीटरच्या वर आहे. मेहुण्याची बुलेट त्या चढाला इतकी घुसमटली की काही ठिकाणी तो शेजारून चालत होता आणि गाडी पहिल्या गियरवर आपली आपली चढत होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडं अंदाजे सहा लिटर आणि त्याच्याकडं चार लिटर उरलं होतं.

सकाळी सातला पंपावर गेलो तर रांग रस्त्यापर्यंत. खाली कुठंतरी रस्ता बंद होता, टँकर दोन दिवस आला नव्हता. भरणारा तोच पोरगा. त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, बाईकला तीन लिटर, बस आणि ॲम्ब्युलन्स सोडून कुणालाही जास्त नाही. एक मोठी गाडी घेऊन आलेला गृहस्थ हुज्जत घालत होता, वरचे पैसे देतो म्हणत होता, पोरगा नुसती मान हलवत होता, आवाजही चढवला नाही. पैसे घेऊन त्याला कुणी तीस लिटर भरून दिलं असतं तर मागच्या दहा जणांचं काय झालं असतं ह्याचा हिशोब त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या मनात चालू होता, आणि तो पोरगा बधला नाही तेव्हा मागून एका म्हाताऱ्या बाबांनी मोठ्यानं 'जुले' म्हटलं. तिकडं नमस्कारालाही जुले आणि आभारालाही जुले.

आमचं भरून झाल्यावर तो मला म्हणाला, मनालीकडं चाललात ना, चंद्रतालचं तळंही करणार असाल, मग आज जाऊ नका, टँकर निघालाय, संध्याकाळी येईल, उद्या भरून जा. मेहुणाही म्हणाला, "दाजी, थांबू या की एक दिवस." पण मनालीचं हॉटेल बुक होतं, पैसे परत मिळणार नव्हते, आणि मी म्हटलं की सात लिटर आणि नऊ लिटर आहे, निघेल. ही माझी चूक होती. साधा गुणाकार करायला पाहिजे होता. सात लिटर गुणिले बावीस म्हणजे १५४ किलोमीटर. रस्ता २०० चा, वर चंद्रतालचं जाऊन येऊन २५-२८. गणित सुटतच नव्हतं, आणि मी ते हॉटेलच्या पैशांकडं बघून सोडवल्यासारखं केलं.

लोसरपर्यंत छान गेलो. कुंझूमला देवीच्या मंदिराला गाडीवरूनच प्रदक्षिणा घालतात तशी घातली. उतारावर मेहुणा इंजिन बंद करून गाडी सोडत होता, मी त्याला ओरडून चालू ठेवायला लावली, त्या वळणांवर इंजिनाचा ब्रेक नसेल तर गाडी हातात राहत नाही, चार थेंब वाचवायला जीव नाही घालवायचा. चंद्रताल मात्र आम्ही सोडलं नाही, दोन तास तिथं बसलो, त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. पण परत मुख्य रस्त्याला लागून बातल गेलं आणि पुढं थोड्याच वेळात बुलेटनं आचके द्यायला सुरुवात केली. त्यानं डाव्या हातानं पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला. गाडी परत धरली. थांबून झाकण उघडून बघितलं, काही दिसेना, मग त्यानं गाडी धरून इकडंतिकडं हलवली आणि मी टाकीला कान लावला. आत तळाशी पातळ, रिकाम्या कळशीत उरलेल्या पाण्यासारखा आवाज. तो आवाज मी विसरणार नाही. आजूबाजूला नुसते धोंडे, खाली चंद्रा नदी, साडेतीन वाजलेले, आणि छत्रूपर्यंतचा रस्ता म्हणजे रस्ता नाहीच, दगडांतून आणि ओढ्यांतून वाट.

पुढं वाटेत एका ढाब्यावर (नाव लिहीत नाही, मोकळं पेट्रोल विकणं नियमात बसत नाही आणि त्या माणसाला त्रास नको) विचारलं. आत गेला, पाच लिटरचा कॅन घेऊन आला. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीनं मापलं, नरसाळ्यात जुन्या ओढणीचा तुकडा धरला, कचरा अडकायला, आणि हळूहळू ओतलं. शेवटी बाटली उलटी करून बोटानं टिचकी मारून उरलेले थेंबही टाकीत पाडले. १८० रुपये लिटर. पाच लिटर घेतलं, साडेतीन बुलेटमध्ये, दीड माझ्यात. ९०० रुपये.

मेहुणा तेव्हा तणतणला, लूट आहे म्हणाला. मला तसं वाटलं नाही आणि अजूनही वाटत नाही. हा माणूस काझाहून नाहीतर मनालीहून हे पेट्रोल आणतो, जायला यायला शंभर-दीडशे किलोमीटर, त्याच आपल्या रस्त्यानं, त्याच्याही पिकअपला डिझेल लागतं. आणायला दिवस मोडतो. कॅन आत तंबूत ठेवायचा, तिथंच चूल पेटलेली, जोखीम त्याची. उन्हात अर्धा पाव लिटर उडून जातं ते त्याचं. वर्षातले चार महिने तो इथं असतो, मग बर्फ पडायच्या आत सगळं गुंडाळून खाली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्या क्षणी त्याच्याकडं ते पेट्रोल होतं आणि आमच्याकडं नव्हतं. तो ३०० म्हणाला असता तरी आम्ही दिले असते, हे त्यालाही माहीत होतं, तरी तो १८० च म्हणाला. वर चहाचे पैसे घेतले नाहीत, माझ्या बायकोचे हात गारठून वाकडे झाले होते, तिला चुलीजवळ बसवलं.

काझाला एक दिवस थांबलो असतो तर खोलीचे आणि जेवणाचे दीड हजार गेले असते, म्हणजे पैशाच्या हिशोबात आम्ही थोडे फायद्यातच राहिलो असंही कुणी म्हणेल. पण टाकीला कान लावून बसलेली ती दहा मिनिटं मी परत विकत घेणार नाही, कितीही स्वस्तात. मनालीला पोचलो रात्री नऊला, अटल टनेलमधून बाहेर पडल्यावर दिवे दिसले तेव्हा बायकोनं माझ्या पाठीवर नुसतं डोकं टेकवलं.

आता जाणाऱ्यांसाठी. काझात पोचल्या पोचल्या टाकी भरा, सकाळी बघू म्हणू नका, आज आहे ते उद्या असेलच असं नाही. आजूबाजूची गावं करून झाली की निघायच्या आदल्या दिवशी दुपारीच परत भरा. सोबत पाच लिटरचा लोखंडी किंवा चांगल्या जातीचा पेट्रोलसाठीचाच जेरीकॅन घ्या, पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत पंपावर देत नाहीत आणि देऊही नये. कॅन काठोकाठ भरू नका, वर चढताना बाहेरचा दाब कमी होतो आणि कॅन फुग्यासारखा फुगतो, झाकण उघडताना तोंड लांब ठेवून हळूच वाफ सोडा, आमच्या शेजारच्या ग्रुपमध्ये एकाच्या जॅकेटवर सगळं उडालं होतं. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर निघायच्या आधी चांगल्या मेकॅनिककडून उंचीसाठी सेटिंग समजून घ्या आणि दोन प्लग जास्तीचे ठेवा. आणि हिशोब करताना घरचं ॲव्हरेज धरू नका, त्यातून पाव भाग कापा आणि मग गुणाकार करा.

पंपाला माझ्याकडून पाचपैकी पाच. माप चोख, पेट्रोल स्वच्छ, गाडीनं पुढंही कधी कुरकुर केली नाही, माणसं खरं सांगणारी. टॉयलेट, हवा, दुकान असल्या गोष्टींसाठी कुणी तिथं जाऊ नये आणि त्यावरून मार्क कापू नयेत, त्या उंचीवर पंप चालू ठेवणं हेच काम आहे.

एकच मागणी आहे. केलाँगच्या अलीकडं तांडीला जो पंप आहे, त्याचा बोर्ड सगळ्यांना माहीत आहे, लेहकडं जाणाऱ्यांसाठी लिहिलेला, 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर'. लोक हसत हसत त्याच्यासमोर फोटो काढतात आणि मग गुपचूप जाऊन टाकी गळ्यापर्यंत भरतात, म्हणजे बोर्डानं काम केलं. काझाच्या पंपावर उंचीचा बोर्ड आहे, तो राहू दे, पण त्याच्याशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात अजून एक हवा, मला तरी तो कुठं दिसला नाही. मनालीकडं २०० किलोमीटर पंप नाही, चंद्रताल करणार असाल तर २३०, आणि टँकर आला नसेल तर आज इथंच थांबा.

त्या पोरानं मला हेच तोंडी सांगितलं होतं.